आमच्या प्रतीतला शेवट

सोमवारी दुपारी कॅन्टीनमध्ये डबा उघडून पहिला घास मोडला, डाव्या हाताने फोन चाळायला घेतला, आणि ते वाक्य दिसलं. 'सगळं छान आहे, पण शेवट कापला. पुस्तकात गोदा उलट्या बाजूने उतरते. गाडी निघून गेल्यावर दिसते.' लिहिणारीचं नाव होतं कडेची खुर्ची, आणि त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली होती. मी घास तोंडात घातला, चावला, गिळला, आणि मग कुठे मला कळलं की मी काय वाचलं. कारण पुस्तकात गोदा उलट्या बाजूने उतरत नाही. ती उतरतच नाही. उलट्या बाजूने तिला मी उतरवली होती, बारा वर्षांची असताना, तांडापेठेतल्या, विणकरांच्या वस्तीतल्या आमच्या घरात. ते ऐकायला या जगात तीन माणसं होती. त्यातले आई-बाबा आता नाहीत. तिसरी माझी बहीण मयुरी, आणि तिने माझ्याशी सात वर्षांत एक शब्द बोललेला नाही. 'काय झालं मॅडम, भाजी खारट झाली काय?' समोर बसणाऱ्या पियूषने विचारलं. मी नाही म्हटलं. 'मग जेवून काहून नाही राहिल्या?' मी म्हटलं, जेवते आहे, आणि डब्याचं झाकण लावलं. पियूष भला मुलगा आहे, त्याने पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय सांगणार होते, की माझ्या बहिणीने पुस्तक चुकीचं सांगितलं म्हणून मी डबा बंद केलाय?

ग्रुपचं नाव 'पानावरून पडद्यावर'. दोनशे चौदा माणसं. पुस्तकावर सिनेमा निघाला की तो पाहायचा आणि इथे येऊन भांडायचं, एवढाच धंदा. पुण्याची अबोली नावाची मुलगी तो चालवते आणि तिचे नियम शाळेच्या बाईंसारखे आहेत. सिनेमा शुक्रवारी लागला तरी रविवारी संध्याकाळी सातपर्यंत शेवटाबद्दल ब्र काढायचा नाही. खरं नाव सांगायची सक्ती नाही, नंबर कुणाचा कुणाला दिसत नाही. आणि प्रतिक्रिया लिहिताना आधी आपण कुठल्या खुर्चीवर बसलो होतो ते लिहायचं, कारण पडदा किती लांबून पाहिला त्यावर माणसाचं मत ठरतं, असं अबोलीचं म्हणणं. पुष्कर नावाचे एक गृहस्थ आहेत, त्यांच्याकडे प्रत्येक पुस्तकाची पहिली आवृत्ती असते आणि 'मूळ पुस्तकात' या दोन शब्दांशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नाही. मी त्यांना मनातल्या मनात मूळपुरुष म्हणते. मी स्वतः दामिनी याच नावाने आहे. टोपणनाव घ्यायला सुचलं नाही, आणि मला कुणी शोधत येईल असं वाटलंही नव्हतं. मी एक्केचाळीस वर्षांची, विमानतळाजवळ मिहानमध्ये विमानांच्या दुरुस्तीचे कागद तपासते, मनीषनगरला तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. दिवसभरात मी जितकं बोलते त्यापेक्षा जास्त या ग्रुपात लिहिते. एकट्या बाईला लोक विचारतात, वेळ कसा जातो गं. वेळ जातोच, त्याला कुणी बांधून ठेवलंय? अडचण वेगळीच असते. सिनेमा संपून दिवे लागतात, माणसं उठतात, एकमेकांकडे वळून 'कसा वाटला?' म्हणतात, आणि आपण पर्समध्ये काहीतरी शोधत असल्यासारखं करतो. तेवढ्या अर्ध्या मिनिटासाठी मी हा ग्रुप धरला होता.

कालच मी 'कंदिलाचा थांबा' पाहून आले होते. सदरला, दुपारचा खेळ, जी रांगेत अकरा नंबर, उजवीकडे एक जोडपं आणि डावीकडे माझी पर्स. गोष्ट जुनी आहे. गोदा घर सोडून जाते, तिचे वडील नाना एका छोट्या रेल्वे थांब्यावर दिवाबत्ती करतात, आणि मुलगी कधीतरी येईल म्हणून रोज गाडीच्या वेळेला कंदील घेऊन उभे राहतात. शेवटी बारा वर्षांनी ती त्या गाडीत असते. गाडी थांबते. नाना कंदील वर धरून एकेक डबा पाहत येतात. तिच्या खिडकीपर्यंत उजेड पोचायला दोन पावलं उरतात, ती उठत नाही, आणि गाडी हलते. संपलं. सिनेमावाल्यांनी ते पुस्तकाबरहुकूम केलं होतं. उजवीकडचं जोडपं नाक ओढत होतं. मला रडू आलं नाही, मला राग आला, आणि तो कुणावर ते कळेना. घरी येऊन चहा ठेवला आणि सात वाजून गेल्यावर ग्रुपात लिहिलं, 'जी-अकरा. शेवट पुस्तकाला धरून. कंदील मात्र फार नवा.' पाच-सहा जणांनी अंगठे दिले. पुष्करांनी कंदिलाच्या बाबतीत सहमती दर्शवली. कडेची खुर्ची काल काहीच बोलली नव्हती.

आमच्या घरी वाचणं ही चैन नव्हती, तो कामाचा भाग होता. बाबा, म्हणजे नत्थूजी, खड्डा मागावर, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून बसायच्या मागावर, नागपुरी लुगडी विणायचे. दुपारी जेवण झालं की त्यांचे डोळे जड व्हायचे, आणि डुलकी लागलेल्या विणकराच्या हातून सूत तुटतं. म्हणून बाबांना जागं ठेवायला कुणीतरी वाचून दाखवायचं, असा आमच्या घरचा रिवाज. ते काम माझं. आई सुताला खळ देत असायची, मयुरीताई रहाटावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरत असायची, आणि मी खड्ड्याच्या काठावर मांडी घालून वाचायची. मागाच्या आवाजात वाचणं सोपं नसतं. धोटा इकडून तिकडे गेला, फणी आपटली, की पुढचा आवाज होईपर्यंत चार शब्दांची जागा मिळते. चार शब्द, ठक. चार शब्द, ठक. अजूनही मी मोठ्याने काही वाचलं तर तसंच वाचते, आणि ऑफिसात मीटिंगमध्ये लोकांना वाटतं बाईंची जीभ अडखळते. ताईची शाळा आठवीत सुटली होती. सुटली म्हणजे सोडवली. कांड्या भरायला कुणीतरी हवं होतं आणि ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी होती. माझी शाळा तिच्या रहाटावर चालली, हे मला तेव्हाही माहीत होतं. ती कधी बोलली नाही. फक्त कधीकधी म्हणायची, 'जरा जोरानं वाच वं, मलेही ऐकू दे.'

पुस्तकं इतवारीतल्या भाड्याच्या वाचनालयातून यायची. वाचनालय चालवणारे भैयाजी मळकं, सुटं झालेलं पुस्तक तांडापेठेतल्या लोकांसाठी राखून ठेवत. चांगलं पुस्तक मागाजवळ नेलं की त्याला खळ लागते, असं ते तोंडावर सांगत. 'कंदिलाचा थांबा' आम्ही अठरा दिवस वाचलं. बाबांचा त्या नानांवर फार जीव जडला होता. अठराव्या दिवशी मी पान उलटलं, 'गाडी थांबली आणि गोदाने' असं वाचलं, आणि पुढे पुठ्ठा होता. शेवटची तीन पानं कुणीतरी फाडून नेली होती. मी थांबले. आणि बाबांनी खड्ड्यातल्या पावड्यांवरचे पाय उचलले, माग थांबला. लुगड्याच्या मध्येच माग थांबवलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. 'मग?' बाबा म्हणाले.  'वाच वं, थांबली काहून?' आई म्हणाली. मी पुठ्ठ्याकडे पाहिलं, त्यावर वाचनालयाचा जांभळा शिक्का होता, आणि मी वाचायला लागले. म्हणजे वाचल्यासारखं बोलायला लागले. पानं नाहीत हे सांगायला काय झालं होतं? दुसऱ्या दिवशी भैयाजींना विचारता आलं असतं. पण बाबा 'मग?' म्हणाले होते, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला नाही सांगता आलं.

कुहीला मामाकडे जायचं तर तेव्हा छोटी गाडी होती. एकदा मी आधीच मामाकडे होते आणि आईला आणायला मामाबरोबर स्टेशनवर गेले. गाडी आली, चार माणसं उतरली, आई नाही. गाडी निघाली आणि मी रडायला तोंड उघडलं. शेवटचा डबा सरकून गेला, तर रुळांच्या पलीकडे आई उभी, डोक्यावर बोचकं, पदर सावरते आहे. गावाची पायवाट तिकडून होती म्हणून माणसं उलट्या बाजूने उतरत. ते मला त्या क्षणी कसं आठवलं कोण जाणे. मी पुठ्ठ्यावर नजर ठेवून म्हटलं, गाडी गेली. नानांनी कंदील खाली ठेवला. आता वात बारीक करावी म्हणून ते वाकले. आणि वर पाहतात तो रुळांच्या पलीकडे गोदा उभी होती. ती उलट्या बाजूने उतरली होती. 'थकलीस काय?' नाना म्हणाले. एवढंच सुचलं, आणि मी पुस्तक मिटलं. बाबा हसायला लागले. हसता हसता त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. 'उतरली! उलट्या बाजूनं उतरली, पाह्य! अन् मी समजलो आलीच नाही!' आई म्हणाली, चांगलं लिहिलं आहे. मी मान वळवली, तर माझ्या पाठीमागे ताईचा रहाट थांबलेला होता आणि ती माझ्याकडे एकटक पाहत होती. मला वाटलं, तिलाही रडू येतंय.

पुढे कित्येक वर्षं बाबा, गोष्ट न सांगता, त्या शेवटातलं एवढंच लोकांना ऐकवत. पाहुणा आला, कुणाची मुलगी सासरहून यायला उशीर झाला, की बाबा म्हणायचे, 'घाबरू नको गा, गाडी तं जाऊ दे.' वीस वर्षांची असताना मी बर्डीवर एका पुस्तकाच्या दुकानात उभ्या उभ्या ती तीन पानं वाचली. गोदा उतरत नाही हे वाचून मी पुस्तक जागेवर ठेवलं आणि आजूबाजूला पाहिलं, चोरी करताना कुणी पाहिलं का म्हणून. घरी जाऊन सांगितलं नाही. आपण केलेलं खोटं कुणाला इतकं आवडलेलं असलं की खरं सांगायला तोंड उघडत नाही. शिवाय मला त्याचा थोडा गर्वही होता. लेखकापेक्षा माझं बाबांना बरं वाटलं होतं. आणि आज माझं काम काय, तर विमानाच्या कागदांत एखादं पान कमी आहे का ते पाहणं. पान कमी असलं तर विमान उडू देत नाहीत. मी या कामात फार चांगली आहे असं साहेब म्हणतात.

पाच वाजेपर्यंत मी एकाच फाइलची तीच सात पानं मोजत होते. मधून मधून फोन उचलत होते. ग्रुपात गंमत वाढली होती. कुणी लिहिलं, 'ताई, तुम्हाला डुलकी लागून स्वप्न पडलं का?' कुणी लिहिलं, उलट्या बाजूने उतरायला ती काय विनातिकीट होती? पुष्करांनी अर्थातच लिहिलं, 'मूळ पुस्तकात असं काहीही नाही. बाई, आपण कोणती आवृत्ती वाचलीत? पानाचं छायाचित्र टाकावं.' कडेची खुर्ची गप्प होती. सरळ दिसत होतं की मी एक ओळ लिहिली तर हे सगळं थांबेल. पण ती ओळ लिहिली की तिला कळणार, शेवट मी बनवला होता. आमच्या घरातली जी एक गोष्ट तिच्याजवळ शाबूत आहे तीही खोटी होती. आणि मी आहे हे कळल्यावर ती ग्रुप सोडून गेली तर? नंबर दिसत नाही, नाव दिसत नाही. लग्न होऊन ती इचलकरंजीला गेली होती, तिथलं जुनं घर तिने बदललं, एवढं मला कुणाकडून तरी कळलं होतं. ती या ग्रुपातून गेली की मग मला ती कुठेच मिळणार नव्हती. मी भ्यायले. चांगली एक्केचाळीस वर्षांची बाई, फोन उलटा ठेवून बसले.

खापरीला मेट्रोत बसले आणि कडेच्या खुर्चीचं जुनं सगळं शोधून वाचायला लागले. ती आठ महिन्यांपूर्वी ग्रुपात आली होती. दर वेळी पहिली ओळ एकच, 'कडेची खुर्ची, मध्ये उठून जाता यावं म्हणून.' एकदा लिहिलं होतं, 'हिरॉईनच्या साडीची किनार मशीनची आहे आणि गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची.' त्यावर मी टाळ्या दिल्या होत्या. एकदा लिहिलं होतं, 'आमच्या घरी एक जण वाचायचं आणि बाकीचे ऐकायचे. म्हणून मला अजून एकटीने पुस्तक वाचलं की वाचल्यासारखं वाटत नाही.' त्यावर माझं बदामाचं चिन्ह होतं. बदाम देऊन मी पुढे गेले होते, खाली पुष्करांशी वाद घालायला. सहा महिन्यांपूर्वी. माझी सख्खी बहीण माझ्यासमोर उभी राहून आमचं घर सांगत होती आणि मी तिला बदाम दिला. मेट्रोची खिडकी बंद होती, बाहेर विमानतळाची भिंत सरकत होती. मला स्वतःला एक चापट मारावीशी वाटली.

सात वर्षांपूर्वी, आई गेल्यानंतर, बाबा दवाखान्यात होते तेव्हा ताईचा इचलकरंजीहून फोन आला होता. गाडीने सव्वीस-सत्तावीस तास लागतात. 'आजच्या गाडीनं निघू काय?' तिने विचारलं. मी म्हटलं, 'आज नको. बरे आहेत, आता चहा घेतला. उद्या निघ.' बाबांनी चहा घेतला होता हे खरं होतं. पण मी तेवढ्यासाठी नको म्हटलं नव्हतं. ताई आली की बाबा फक्त तिच्याकडे पाहत, हे मला ठाऊक होतं. तिच्या कांड्यांवर त्यांचा माग चालला होता, लग्न होऊन ती गेली तेव्हा ते आठ दिवस मागावर बसले नव्हते. मी इथेच होते, रोज होते, म्हणून मी दिसतच नव्हते. दवाखान्यातल्या त्या चार दिवसांत बाबा मला हाक मारत होते, माझ्या हातून पाणी पीत होते, आणि मला ते अजून एक दिवस एकटीला हवे होते. एवढंच. ताई दुसऱ्या दिवशी निघाली, आणि ती गाडीत असतानाच तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. जायच्या आधी त्यांनी दाराकडे पाहून दोनदा विचारलं, 'मयुरी?' मी त्यांना काय सांगितलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नर्स नंतर म्हणाली, 'सगळे दाराकडे पाहत जातात, यांचं तोंड खिडकीकडे कसं?' मी म्हटलं, उजेडासाठी असेल. ताई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती बॅग घेऊन उंबऱ्यावर उभी राहिली, आत आली नाही. 'तू मले येऊ नाही दिलं,' ती म्हणाली. आणि मी म्हणाले, 'यायचं असतं तं आली असती.' माणूस इतकं वाईट कसं बोलू शकतं? माझ्या तोंडून ते सहज निघालं, मीठ वाढावं तसं. दहावं झाल्यावर ती गेली. मग तिचा नंबर बंद झाला. पहिली दोन वर्षं मी दिवाळीला तो बंद नंबर लावून पाहत असे.

उज्ज्वलनगरला उतरले. जिना उतरायच्या आधी, फलाटावरच, फोन वाजला. अबोलीने लिहिलं होतं, 'चुकीच्या माहितीने गोंधळ होतोय, ती पोस्ट मी काढून टाकते.' आणि लगेच खाली, दुपारनंतर पहिल्यांदाच, कडेची खुर्ची. 'माझीच चूक असेल. खूप वर्षं झाली. ग्रुप सोडते आहे, सगळ्यांना नमस्कार.'  मी बाकावर बसले आणि लिहिलं, 'थांबा. चूक नाही. आमच्या प्रतीतही असंच आहे.' पाठवलं. पुष्कर लिहायला लागले आहेत असं दिसलं. 'कोणती आवृत्ती?' त्यांनी विचारलं. मी लिहिलं, 'तांडापेठ.' मग फक्त वाट पाहत बसले. एक मेट्रो आली, माणसं उतरली, गेली. कडेची खुर्ची ग्रुपातून गेल्याची ओळ काही येत नव्हती. आणि मग वेगळा, एकटा निरोप आला. फक्त माझ्यासाठी. 'दामू?'

या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही, असं मी धरून चालले होते. मी लिहिलं, 'ताई, ती पानं फाटली होती. ते मी बनवून वाचलं होतं. माफ कर.' उत्तर ताबडतोब आलं. 'मले माहीत आहे. मी तुह्या मागंच तं बसली होती. पुठ्ठा दिसत होता मले, शिक्क्याचा. तू पुठ्ठा वाचून राहिली होती.' मी ते दोनदा वाचलं. तीस वर्षांपूर्वी तिचा रहाट काहून थांबला होता ते मला आज कळत होतं. 'मग ग्रुपात तसं काहून लिहिलं? लोक हसून राहिले तुले,' मी लिहिलं. यावर तिला वेळ लागला. लिहिते आहे असं दिसायचं, मग थांबायचं. 'हसू दे. आठ महिन्यांपासून तुहं नाव पाहून राहिली. तूच आहे हे किनारीवरच्या टाळ्यांनी समजलं. पण नुसतं कशी आहे म्हणून कशी विचारू? म्हटलं, दुसऱ्या कोणालेच नाही समजणार असं काहीतरी लिहू. दुपारपासून वाट पाहिली. तू बोललीच नाही. वाटलं, वळखलं हिनं, पण बोलायचं नाही.' मी लिहिलं, 'भेव वाटला.' तिने लिहिलं, 'मलेही.'

समोरच्या फलाटावरून एक गाडी खापरीकडे गेली. अंधारायला लागलं होतं, फलाटावरचे दिवे लागले. मग तिने विचारलं. 'बाबांनी माह्याबद्दल विचारलं होतं काय?' हाच प्रश्न होता. सात वर्षं मी याच प्रश्नापासून पळत होते आणि याचीच वाट पाहत होते. 'विचारलं होतं,' मी लिहिलं. 'पण त्याच्याआधी एक ऐक. तुले मी मुद्दाम आज नको म्हटलं होतं. मले बाबा एक दिवस एकटीले पाहिजे होते.' पाठवलं आणि फोन मांडीवर ठेवला. आता ती गेली तर गेली, असं मनाला सांगून पाहिलं, मन ऐकेना. बाकावर शेजारी एक बाई येऊन बसली, पिशवीतून संत्री काढून सोलायला लागली. सगळीकडे संत्र्याचा वास झाला. किती वेळ गेला कोण जाणे, एक संत्रं संपेपर्यंत गेला. मग फोन थरथरला. 'ते मले तेव्हाच समजलं होतं. राग आला, अजून आहे. पण तू सांग. बाबांले काय सांगितलं तू?'

मी लिहिलं, 'म्हटलं, ताई आली बाबा. उलट्या बाजूनं उतरली. गाडी जाऊ द्या, दिसते.'

दोन खुणा उमटल्या, म्हणजे तिने वाचलं.  मग फोन वाजायला लागला, खरा वाजायला, आणि पडद्यावर कडेची खुर्ची असं नाव. मी कानाला लावला. आधी नुसता यंत्रमागांचा खडखडाट ऐकू आला, तिच्या घराच्या मागेच कारखाना असावा. त्या खडखडाटात ताई रडत होती की नाही ते मला कळलं नाही. मग तिचा आवाज आला, थोडा जाड झालेला, पण तोच. 'मग?' ती म्हणाली. बाबांसारखंच. यंत्रमागाला विणकराच्या मागासारखी मध्ये जागा नसते, तो थांबत नाही. तरी मी सवयीने थांबत थांबत, चार-चार शब्दांनी सांगायला लागले. 'मग बाबांनी दार सोडलं. मान उचलून वळवली, ताई. खिडकी दुसऱ्या बाजूला होती. तुही वाट पाहत, तिकडंच.'